भुतांना पैसा मानवत नाही

माझं एक मत आहे, पटलं तर घ्या. अमेरिकन हॉरर सिनेमा घडवला तो कडक्यांनी. पैसा हातात आला की भूत पडद्यावर जास्त वेळ दिसायला लागतं, आणि इतका वेळ समोर उभ्या राहणाऱ्या भुताला कोण घाबरणार?

१९३१ चे युनिव्हर्सल स्टुडिओचे ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ सगळ्यांना माहीत आहेत. पुढे त्याच राक्षसांना इतकं राबवलं की १९४८ मध्ये ते ॲबट-कॉस्टेलो या विनोदी जोडीबरोबर झळकले. विषय संपला.

खरी मजा आरकेओ स्टुडिओत. वॅल ल्यूटन या निर्मात्याला तिथे स्वस्तातले भयपट काढायचं काम मिळालं. अटी अशा: सिनेमाचं नाव स्टुडिओ ठरवणार, खर्च दीड लाख डॉलरच्या आत, लांबी ७५ मिनिटांच्या आत. पहिलंच नाव हातात पडलं ‘कॅट पीपल’. दुसरा कुणी असता तर एखाद्या नटाला केसाळ सोंग चढवून मोकळा झाला असता. ल्यूटन आणि दिग्दर्शक जाक तुर्नर यांनी श्वापद शक्य तितकं अंधारातच ठेवलं. रात्री एक बाई रस्त्याने चाललीय, मागून दुसरीच्या टाचांची टकटक. मग टकटक थांबते. आपण श्वास रोखून बसलोय, आणि फिस्सकन् समोर येते ती चक्क बस! अशा फसव्या दचक्याला आजही ‘ल्यूटन बस’ म्हणतात. हल्ली दर दहा मिनिटांनी कानठळ्या बसवतात ते याचंच पोर, फक्त आधीची शांतता तेवढी कुणाला जमत नाही.

आणि १९६८ चा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’! पिट्सबर्गमध्ये जाहिराती बनवणारा जॉर्ज रोमेरो आणि त्याचे मित्र. आपसात वर्गणी काढून सुरुवात, एकूण खर्च सुमारे १ लाख १४ हजार डॉलर. रक्ताच्या जागी चॉकलेट सिरप, कृष्णधवल असल्यामुळे खपून गेलं. (‘सायको’त हिचकॉकनेही तेच केलं होतं, तेव्हा नावं ठेवू नका.) नायक ड्युएन जोन्स हा कृष्णवर्णीय नट. त्याची ऑडिशन सगळ्यांत चांगली झाली म्हणून घेतला, असं रोमेरो सांगायचा. सिनेमात त्याच्या वर्णाचा एकदाही उल्लेख नाही. तयार प्रिंट घेऊन ही मंडळी न्यूयॉर्कला निघाली होती, तेव्हा गाडीतल्या रेडिओवर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची बातमी आली.

आता शेवट आठवा (इतक्या वर्षांनी स्पॉयलर म्हणून भांडू नका). रात्रभर उठून चालू लागलेल्या मेलेल्यांशी झुंजून एकटा तगलेला हा माणूस सकाळी खिडकीशी येतो, आणि बंदुका घेऊन फिरणारे गोरे लोक त्यालाही भूत समजून गोळी घालतात. एका वितरकाने शेवट बदलून मागितला होता. यांनी ऐकलं नाही. मोठ्या स्टुडिओचे पैसे लागलेले असते तर ऐकावं लागलं असतं, हे माझं म्हणणं. २०१७ च्या ‘गेट आउट’मध्ये शेवटी कृष्णवर्णीय नायकासमोर पोलिसांचे दिवे चमकतात तेव्हा पोटात गोळा येतो, त्याचं मूळ इथे आहे.

‘हॅलोवीन’मधल्या (१९७८) खुन्याचा मुखवटा तर ‘स्टार ट्रेक’च्या कॅप्टन कर्कचा, दुकानातून आणून पांढरा फासलेला. ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ अवघ्या १५ हजार डॉलरमध्ये चित्रित झाला.

भूत लागलेल्या मुलीच्या ‘एक्झॉर्सिस्ट’चं काय, असं विचारणार हे माहीत आहे. वॉर्नरसारख्या मोठ्या स्टुडिओचा पैसा, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर नामांकन, आणि तरी भयंकर. मान्य. पण मला त्यातली गरागरा फिरणारी मान नाही छळत, हॉस्पिटलमधली तपासणी छळते. त्या प्रसंगात भूतबीत काही नाही.

रोमेरोचा सिनेमा पाहिला नसेल तर फुकट आणि कायदेशीर मिळेल. वितरकाने ऐन वेळी नाव बदललं आणि नव्या पाटीवर कॉपीराइटची खूण टाकायची राहून गेली. तेव्हाच्या कायद्यानुसार हक्कच गेले. रोमेरो मंडळींचं नुकसान झालं, पण कुठल्याही टीव्ही केंद्राला, कॅसेटवाल्याला तो दाखवता-विकता आला आणि घरोघरी पोचला. इंटरनेटवर पूर्ण आहे. रंग भरलेली आवृत्ती समोर आली तर मात्र तिला हात लावू नका.