फाडलेल्या लुगड्याबद्दल, एका वाचकाला उत्तर

नमस्कार.

'जुनेर' या माझ्या गोधड्यांच्या मालिकेवरच्या लेखाखाली परवा आलेली प्रतिक्रिया मी चार वेळा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा गॅसवर भाजी होती. ती करपली, हेही सांगून टाकते. ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी ती अशी: "मॅडम, आजीचं लुगडं फाडताना हात कसा धजावला? त्यावर निळे फोटो शिवून भिंतीला टांगलं की ओळख सापडते होय? सायनोटाइप साबणाने उडतो, हे तरी ठाऊक आहे का? आणि टाके घालणाऱ्या चार बायांची नावं कुठे आहेत? अमेरिकन चित्रकार फेथ रिंगगोल्ड यांनी १९८० साली पहिली गोधडी आईबरोबर केली, आणि आईचं नाव झाकून ठेवलं नाही."

आधी त्या 'होय'चं बघू. हा 'होय' माझ्या चांगला परिचयाचा आहे. मी लालबागच्या चाळीत वाढले. नळावर हंडा लावून उभ्या असलेल्या बाया मला "चित्रं काढायला शिकतेस होय?" म्हणायच्या, त्यातलाच हा. उत्तर नकोच असतं, समोरच्याची मान खाली जायला हवी असते. टीका जरूर करा, मी काही काचेची नाही. पण 'मॅडम' म्हणायचं आणि त्याच वाक्यात चिमटा काढायचा, याला आमच्याकडे वेगळा शब्द आहे. तो इथे लिहीत नाही.

साबणाचं तुमचं बरोबर आहे. सायनोटाइप म्हणजे रसायन लावून उन्हात निळा फोटो उठवायची पद्धत. मूळ लेखात मी "हा निळा कधीच जात नाही" असं लिहिलं होतं, ते चूक. सोडा किंवा कपड्यांची पावडर लागली की त्यातला निळा, म्हणजे प्रशियन ब्ल्यू, फिका पडतो. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ साली ही पद्धत काढली ती कागदासाठी, धुण्यासाठी नव्हे. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार. फक्त, माझ्या गोधड्या कोणी वॉशिंग मशीनमध्ये घालणार नाहीये, एवढं लक्षात असू द्या.

आता लुगडं. "हात कसा धजावला."

माझी आजी कोल्हापूरकडची. तिकडे गोधडीला वाकळ म्हणतात. वाकळ कशाची होते? जुनेराची. नेसून नेसून विरलेल्या लुगड्याला जुनेर म्हणतात, हा शब्दच तुम्ही कधी ऐकला नसावा अशी मला शंका येते. नाहीतर हा प्रश्न पडला नसता. न फाडता वाकळ करून दाखवा मला. आजी खाली बसायची, लुगड्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरायची, काठाला दाताने खाच पाडायची आणि दोन्ही हातांनी ओढायची. चर्रर आवाज व्हायचा आणि सुती कापड सुतासारखं सरळ फाटत जायचं. कात्री नाही. कात्रीने कापलेलं कापड तिरकं जातं, असं तिचं म्हणणं. तिने तिच्या आईचं जुनेर असंच फाडलं होतं, आणि रडलीही नव्हती. निदान मला तसं कधी सांगितलं नाही.

मी फाडलेलं लुगडं इरकल होतं, काळपट हिरवं. इरकलचं सुती अंग आणि रेशमी पदर यांचे ताणे, म्हणजे उभे धागे, वेगवेगळे असतात, विणताना ते फासे अडकवून जोडतात. बागलकोटकडच्या विणकरांची ती खासियत. त्यामुळे जुन्या इरकलला कुठे हात लावायचा आणि कुठे नाही, हे लुगडंच सांगतं. टोपपदर, म्हणजे तो रेशमी पदर, मी अख्खा ठेवला. तो वाकळीच्या वरच्या बाजूला आहे, आजी मध्यभागी. तुम्ही फोटो मोठा करून पाहिला असता तर दिसला असता. असो.

आणि मध्यभागी जी आजी आहे, ती कुठून आली हेही ऐका. आजोबांचे फोटो होते. गिरणीच्या ओळखपत्रावर, भजनी मंडळाच्या घोळक्यात. आजीचा एकटीचा फोटोच नव्हता. १९९३ नंतर मतदारांना फोटोची ओळखपत्रं मिळू लागली, त्यात तिचा पहिला आणि शेवटचा एकटीचा फोटो निघाला. साठी ओलांडल्यावर. भेदरलेली दिसते. त्या नखाएवढ्या चेहऱ्याचं पारदर्शक कागदावर मोठं निगेटिव्ह काढलं. इरकलच्या गडद रंगावर निळा उठत नाही, म्हणून आजोबांच्या धोतराचा तुकडा घेतला, त्याला रसायन लावलं आणि गच्चीत मे महिन्याच्या उन्हात ८-१० मिनिटं ठेवला. पाण्यात धरल्यावर पिवळट रंग निघून गेला आणि आजी निळी होत वर आली. नवऱ्याच्या धोतरावर बायकोचं ओळखपत्र. याला तुम्ही "निळे फोटो" म्हणता.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आजोबा त्यात. पुढे घर आजीच्या खानावळीवर चाललं. रोज दीडशे भाकऱ्या. मी सहा वर्षांची होते, पीठ चाळायला बसायचे. तेव्हा आजीच्या लुगड्याचं काय करावं हे मला शिकवायला येणाऱ्यांनी आधी सांगावं, की १९८२ साली त्यांच्या घरात भाकऱ्या कोण थापत होतं. हे जरा लागेल. लागू दे.

"भिंतीला टांगलं" याबद्दल दोनच ओळी. मळवलीच्या छापखान्यातून निघालेल्या रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वतीच्या चित्रांवर लोक घरोघरी खरं कापड, जर आणि टिकल्या चिकटवायचे आणि ती काच लावून भिंतीवर टांगायचे. चित्रावर कापड चढवणं हे माझं परदेशी फॅड नाही. तुमच्या पणजीच्या देवघरातही असं एखादं असेल. शोधा.

राहता राहिला रिंगगोल्डबाईंचा दाखला. आई त्यांची होती, विली पोझी, स्वतः कपड्यांची डिझायनर. माझ्याकडे धावदोरा घालणाऱ्या चौघी शेजारच्या वस्तीतल्या, त्यांना आईच्या पंगतीला बसवणं ही ओढाताण आहे. शिलाईचे पैसे ठरल्याप्रमाणे दिले, चहा-नाश्ता वेगळा. कल्पना माझी, फोटो माझे, आजी माझी. प्रदर्शनाच्या फलकावर जागा किती असते याची तुम्हाला कल्पना नसेल. त्यातल्या एकीने कोपऱ्यात आपल्या मर्जीने लाल दोऱ्याची छोटी चिमणी काढली होती, ती मी उसवली नाही, तशीच ठेवली. यापेक्षा जास्त काय करायचं? या विषयावर मला पुढे बोलायचं नाही.

तरीही तुम्ही एवढं सविस्तर वाचलंत, चूक दाखवलीत, त्याबद्दल मनापासून आभार. वाकळा बघायला या, हात लावून बघा, मी कोणाला अडवत नाही.

आणि हो, पुन्हा प्रतिक्रिया दिलीत तर खाली नाव लिहा. निनावी माणसाशी काय बोलायचं?