हात झाला, आता गुडघ्याचं बघा

एकट्या इंजिनिअरने घरीच माणसासारखा रोबो बनवायला घेतलाय, वाचून मजा वाटली. पण भाऊ, हात हलवणं सोपं, खरी परीक्षा गुडघ्याची, म्हणजे चालण्याची. होंडाचा १९८६ चा ई-झिरो हा दोन पायांचा रोबो एकेका पावलाला जवळपास ५ सेकंद घ्यायचा. त्यांचा माणसासारखा चालणारा रोबो असिमो यायला २००० उजाडलं. तेही एवढी मोठी कंपनी पाठीशी असून!

दुसरं म्हणजे, आमच्या भुसावळच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पीएलएचे (थ्रीडी प्रिंटरमध्ये वापरतात ते प्लास्टिक) प्रिंट केलेले पार्ट ठेवून बघा. साधारण ६० अंश सेल्सिअसला हे प्लास्टिक नरम पडतं. त्यात मोटर तापली की ब्रॅकेट वाकलंच, स्क्रू ढिले. गुडघा-घोट्याला ॲल्युमिनियमच लावा, एमआयडीसीतले लेथवाले करून देतात (चहा तुमच्याकडून). सांधे हलवणाऱ्या स्वस्त सर्वो मोटरचे प्लास्टिक गिअर तर पहिल्याच उठाबशीत दात टाकतील.