पडीक शेत आणि आळशी कोकणी माणूस

मे महिन्यात चाकरमानी गावी आले की एक मेसेज हमखास फिरतो. यंदा आमच्या वाडीच्या ग्रुपवर तीनदा आला. मजकूर थोडक्यात असा: कोकणी माणूस आळशी, एवढा पाऊस पडूनही जमिनी पडीक, हापूस आपोआप लागतो, तो विकून वर्षभर ओटीवर गप्पा, उत्साह येतो तो फक्त शर्यतीत बैल पळवायला, तेही बेकायदा, त्यापेक्षा जमिनी विकून मोकळे व्हा. पाठवणारा आमचाच, डोंबिवलीचा पुतण्या. म्हणून उत्तर देतो.

पाऊस भरपूर, हे खरं. पण तो चार महिन्यांत कोसळतो आणि जांभ्याच्या कातळावरून खाडीला जातो. मार्चमध्ये आमच्या विहिरीत कळशी बुडत नाही. भात तर पावसावरच होतं, मग तेही का सोडलं? सात-आठ वर्षांपूर्वी भावकीतल्या एकाने वरची शेतं टाकली. तिथे रानमोडी हे तण माजलं, रानमोडीत डुकरं राहिली आणि त्यांच्या चरायला खाली आमचं भात. मागच्या दसऱ्याआधी दाणा भरत असताना एका रात्रीत चार वाफे लोळवले. खाल्लं पसाभर, तुडवलं सगळं. सकाळी गेलो तर चिखलात खुरांचे ठसे, आडव्या लोंब्या आणि बांधाला लावलेल्या जुन्या साड्यांच्या चिंध्या. डबे वाजवून झाले, फटाके लावून झाले. रात्री डुक्कर, दिवसा वानर. एक शेत पडलं की शेजारचं पडतं, ते असं. राखणीला जागलेल्या रात्री पुतण्या कुठल्या आळसात धरतो?

वर सातबारा. 1949 च्या कायद्याने खोती, म्हणजे खोताने गावचा सारा वसूल करायची जुनी पद्धत गेली, सामायिक नावं मात्र राहिली. आमच्या 38 गुंठ्यांवर 22 नावं आहेत, त्यातली सहा माणसं वारलेली. बऱ्याच अर्जांना संमती सगळ्यांची मागतात. पुतण्याचीही एक सही दोन वर्षं यायची आहे, हे जाता जाता.

‘हापूस आपोआप लागतो.’ लागला असता तर बरं झालं असतं! हापूस मुळात एकाआड एक वर्ष धरणारं झाड. पावसाळ्यात मोहोर धरावा म्हणून कल्टार हे औषध द्यायचं, मग मोहोर आला की तुडतुडे, भुरी, आता फुलकिडे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं मोहोर वाचवायचं वेळापत्रकच सहा फवारण्यांचं आहे. त्यात ढगाळ हवा आली की फवारणी वाढते. शेवटी झेल्याने देठासकट एकेक फळ उतरवायचं, आणि कापल्यावर साका, म्हणजे आत खराब झालेला गर, निघाला तर बोलणी बागवाल्यालाच.

शर्यतींबद्दल. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये बंदी घातली होती, पण 18 मे 2023 ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने महाराष्ट्राचा दुरुस्त कायदा ग्राह्य धरला. म्हणजे परवानगी घेऊन, अटी पाळून शर्यत होते. बैलाला टोचणारे महाभाग आहेत; त्यांची तक्रार जरूर करा, मीही करीन. पण आमच्याकडची आषाढातली चिखलनांगरणीची स्पर्धा गावठी बैलांचीही असते. पॉवर टिलर आल्यापासून बैलाला काम उरलंय जेमतेम पंधरा-वीस दिवसांचं आणि वैरण लागते बारा महिने. जोत, म्हणजे बैलजोडी, दावणीला ठेवायला माणसाकडे काही कारण नको? आपली ठेंगणी, काटक कोकण कपिला गाय-बैलांची वेगळी जात म्हणून मान्य झाली 2018 मध्ये. ती कागदावरच राहायची नसेल तर कुणाच्या तरी गोठ्यात असायला हवी.

राहिलं विकणं. विकणाऱ्याला मी नावं ठेवत नाही, कुणाला मुलीचं लग्न असतं, कुणाला दवाखाना. पण दोन वर्षांपूर्वी आमच्या वाडीत एक तुकडा गेला. नव्या मालकाने दगडांचा गडगा पाडून तारेचं कुंपण घातलं, फाटकाला कुलूप. मागच्या तीन शेतांची वाट त्यातून होती. कागदावर ती नव्हतीच, पिढ्यान्‌पिढ्या जोत तिथूनच जायचं. मालक पुण्याला, फोन उचलत नाही. त्या तिन्ही शेतांत यंदा तरवा, म्हणजे भाताची रोपं, पेरलेला नाही.