17,670 आणि 18,000

"काकू, मेसेज आलाय बघा. पैशाचाच आहे ना?"

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताई पिठाचा हात पदराला पुसतात आणि मोबाईल माझ्यापुढे धरतात. बँकेचा इंग्रजी मेसेज वाचून लाडक्या बहिणीचे 1,500 जमा झाले की नाही, हे सांगायचं काम माझ्याकडे आहे. झाले म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "शाळेचं ऑफिस कितीपर्यंत उघडं असतं?" मुलाची फी महिना 1,400. उरलेल्या शंभरात वही, पेन आणि शाळेतून आयत्या वेळी सांगितलेल्या प्रोजेक्टचे कार्डपेपर.

मी ऐरोलीत राहते. एमआयडीसीतल्या कंपनीत पंचवीस वर्षं अकाउंट्स केलं. त्यामुळे वाईट खोड अशी, की कुणाच्याही पैशाचा उगाच मनात ताळेबंद मांडते. ताईंच्या खात्यात वर्षाला 18,000 येतात आणि त्यातले 16,800 एका खाजगी इंग्लिश मीडियमच्या खिडकीत जातात. म्हणजे सरकारने ताईंना दिले असं आपण म्हणतो खरं, पण पैसे ताईंच्या हातात जेमतेम दोन दिवस राहतात.

आता दुसरा आकडा. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी राखलेल्या 25 टक्के जागांवर फी न भरता शिकणाऱ्या मुलामागे राज्य सरकार खाजगी शाळेला जी प्रतिपूर्ती देतं, ती वर्षाला जास्तीत जास्त 17,670 रुपये. देतं म्हणजे देणं लागतं. संस्थाचालक थकबाकीसाठी वर्षानुवर्षं खेटे घालतात, ही बातमी दर प्रवेशाच्या मोसमात पेपरात येतेच. एका मुलाच्या वर्षाच्या शिक्षणाची सरकारने धरलेली कमाल रक्कम आणि लाडक्या बहिणीचा वर्षाचा हप्ता, यांत फरक 330 रुपयांचा.

मग ताईंच्या मुलाला आरटीईतून प्रवेश का नाही? दुर्बल घटकासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची अट वर्षाला 1 लाख. नवरा वॉचमन, ताईंची चार घरची कामं. एक लाख कधीच ओलांडतात. जातीचा दाखला खुल्या प्रवर्गाचा, म्हणून वंचित घटकातही बसत नाहीत. लाडक्या बहिणीची मर्यादा मात्र अडीच लाख. घर तेच, कमाई तीच, पण एका योजनेत त्या गरीब आहेत आणि दुसरीत नाहीत. अडीच लाखांची अट लिहिणाऱ्याने आरटीईची अट एकदा उघडून बघितली असती तर!

2024 साल आठवा. फेब्रुवारीत सरकारने नियम बदलला: खाजगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खाजगी शाळेला 25 टक्क्यांतून सूट. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, जुलैत बदल रद्दच केला. तोवर शाळा सुरू होऊन महिना उलटला होता. मधल्या जूनमध्ये लाडकी बहीण जाहीर झाली, नोव्हेंबरात विधानसभा होती. हा क्रम मी नुसता लिहून ठेवतेय.

खरं सांगायचं तर "शेजारच्या सरकारी शाळेत जा" हे म्हणणं मला मुळात पटतं. मग ती शाळा तरी नीट सांभाळा ना! 2024 मध्ये 'एक राज्य एक गणवेश' काढला. कापड खरेदी राज्य पातळीवर, शिलाई बचत गटांकडे. पोरांनी अर्धं वर्ष जुन्या कपड्यांत काढलं, आले ते कुणाला सैल, कुणाला तोकडे. डिसेंबरात अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे. हे कुठल्याही गल्लीतल्या शिंप्याने आधीच सांगितलं असतं.

आणि अंडं. 2023 च्या शेवटी पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू झालं. जानेवारी 2025 मध्ये सरकारने त्याचे पैसे देणं थांबवलं. द्यायचं असेल तर लोकसहभागातून द्या म्हणाले. 'लोकसहभाग' हा शब्द शासन निर्णयात दिसला की समजायचं, वर्गणी काढा. खर्च वर्षाला सुमारे 50 कोटी. लाडक्या बहिणीची 2025-26 ची तरतूद 36,000 कोटी, म्हणजे दिवसाला जवळपास 99 कोटी. अख्ख्या महाराष्ट्रातल्या पोरांची वर्षाची अंडी, लाडक्या बहिणीच्या अर्ध्या दिवसात. त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट 45,891 कोटी दाखवली होती. तूट आहे म्हणून काटकसर करायची, तर सुरुवात अंड्यापासून?

कमेंटमध्ये "बायकांचे पैसे डोळ्यात खुपतात का" असं लिहायला जे टपलेत, त्यांच्यासाठी: खुपत नाहीत. ताईंच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा नियमित काही येतंय आणि घरातल्या बोलण्यात त्यांचा आवाज चढलाय, हे मी डोळ्यांनी बघते. माझं भांडण 1,500 शी नाही. ते ज्या खर्चाला पुरवावे लागतात, तो खर्च मुळात सरकारचा होता.

जबाबदारी आपलीही आहे. एप्रिल 2025 मध्ये पहिलीपासून हिंदीचा निर्णय आला, तेव्हा माझी टाइमलाइन पेटली होती. मीही दोन पोस्ट टाकल्या. 29 जूनला सरकारने निर्णय मागे घेतले, आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. त्याच वर्षी जानेवारीत अंडं गेलं, तेव्हा याच टाइमलाइनवर हळदीकुंकवाचे फोटो होते. माझेही. मराठी शाळेसाठी गळा काढणाऱ्या आमच्यापैकी कितींची मुलं तिथे होती, ते विचारू नका. माझी दोन्ही कॉन्व्हेंटची.

नवी मुंबईकरांना सरकारी शाळा नकोच असते, असंही नाही. महापालिकेने सीबीएसईची शाळा काढली, तर तिथे जागांपेक्षा अर्ज जास्त. पण मे 2020 ला महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी 2026 च्या मतदानापर्यंत आम्हाला नगरसेवकच नव्हता. प्रशासकाने बजेट मांडायचं, त्यानेच मंजूर करायचं. प्रचाराला एक उमेदवार सोसायटीत आले. पार्किंगवर वीस मिनिटं बोलले. मी शाळेतल्या शिक्षकांच्या रिकाम्या जागांचं विचारलं तर म्हणाले, "मॅडम, तो राज्याचा विषय." एवढं म्हणून बागेतल्या ओपन जिमकडे वळले. राज्याच्या निवडणुकीत विचारलं असतं, तर तो महापालिकेचा विषय झाला असता.

काल ताईंना मी दोन्ही आकडे सांगितले. म्हटलं, हे पैसे थेट शाळेवर खर्च झाले, चांगले शिक्षक आले, फी भरावीच लागली नाही, तर चालेल का तुम्हाला?

त्यांनी पोळी उलटली, फुगेपर्यंत थांबल्या.

"नको काकू. शाळेच्या नावाने निघालेले पैसे शाळेत पोचतात होय? माझ्या खात्यात निदान पडतात तरी. तुम्ही मेसेज वाचता की."