अमूर्ताचा तास

शिल्पकलेच्या वर्गात ‘अमूर्त’ सुरू झालं की शाडू कमी आणि तत्त्वज्ञानच जास्त मळलं जातं.

“काहीही करा, पण त्यात आशय हवा,” एवढंच मी सांगतो. दुसऱ्या दिवशी टेबलांवर आशयाचा खच. भिजलेल्या उशीसारखा एक गोळा, त्यापुढं पाटी: ‘आधुनिक मानवाच्या अंतर्मनातील घुसमट’. शेजारी तस्साच गोळा: ‘स्त्रीशक्ती’. एकदा झाडलोट करताना मावशींच्या हातून या दोन पाट्यांची अदलाबदल झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दोन्ही शिल्पांपुढं गंभीरपणे मान डोलावली. मला कळलं तोवर मार्क लागले होते.

दुसरा ठरलेला प्रकार म्हणजे भोक. ब्रिटिश शिल्पकार बार्बरा हेपवर्थनं १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला दगड आरपार कोरला, तेव्हा पलीकडचा उजेडही शिल्पात सामील झाला. आमच्याकडं भोक का, तर “पोकळी, सर.” त्या पोकळीतून मला मागच्या टेबलावरचा पोरगा तासाला चोरून डबा खाताना दिसतो. हा एक उपयोग मात्र मान्य करायला हवा.

मग मी रुमानियन शिल्पकार ब्रांकुशीच्या पक्ष्याच्या शिल्पाचा विषय काढतो. ना पंख, ना पाय. पितळी झळाळीचा एक उंच निमुळता आकार. १९२६ साली तो न्यूयॉर्कला उतरला, तर कस्टमवाले म्हणाले, हे कसलं शिल्प? स्वयंपाकाची भांडी नि दवाखान्याचं सामान या सदरात टाकून चाळीस टक्के जकात लावली. खटला चालला आणि १९२८ मध्ये ब्रांकुशी जिंकला. माझा मुद्दा असा की पक्षी गेला तरी झेप उरली, आणि ती पाटीत नाही, त्या घोटलेल्या अंगात आहे. वर्गाला मुद्दा वेगळाच सापडला: “म्हणजे सर, नापास केलं तर कोर्टात जाता येतं?”

शेवटी पाट्यांवर बंदी घातली. विषय एकच: ‘पडेल की काय’. आकारानं काय ते सांगायचं, तोंडानं नाही. वर्गावर सुतककळा पसरली. आयुष्यात पहिल्यांदाच पोरं मातीकडं बघत होती, कारण बघण्यासारखं दुसरं काही ठेवलंच नव्हतं.

एका मुलीनं एक बुटका ठोकळा केला आणि त्याच्यावर झुकलेला एक उंच ठोकळा. दोघांत बोटभर फट, आतून तारेचा सांगाडा. जवळून जाणारा प्रत्येकजण नकळत अंग चोरत होता.

संध्याकाळी तिला न्यायला वडील आले. ओल्या शिल्पाकडं त्यांनी क्षणभर पाहिलं, “अगं, पडतंय ना हे!” म्हणत पुढं झाले आणि दोन्ही हातांनी ते नीट उभं करून दिलं. आतली तार करकरली. पोरगी किंचाळली.

मी वही काढून तिचे पाच मार्क वाढवले.