टाकी समुद्रात का ओतली नाही: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

सर, नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू वाचला. टॉयलेट बंद असल्याने सफरीचा शेवटचा तास तुमच्या आईंना आणि मुलांना अवघडून काढावा लागला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. वयस्कर माणसाला बोटीवर ही अडचण किती जड जाते, ते मला कळतं. तुमच्या आई एका शब्दानेही कुरकुरल्या नाहीत, हे तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, मला त्याच संध्याकाळी सांगितलं होतं.

एक तारा दिलात, तो तुमचा अधिकार आहे. पण तुम्ही लिहिलंय की टाकी भरली म्हणून टॉयलेट बंद केलं, समुद्रात ओतून टाका म्हटलं तर बोट चालवणाऱ्याने उद्धटपणे नकार दिला, आणि अख्ख्या मुंबईचा मैला समुद्रातच जातो तिथे यांच्या वीस लिटरने काय फरक पडणार होता. हे वाक्य आज बुकिंगच्या विचारात असलेली माणसं वाचतायत. आमचा धंदा पावसाळा संपल्यापासून मेअखेरपर्यंतचा, पुढचे चार महिने बोट झाकून ठेवायची. त्यामुळे या एका गोष्टीचं उत्तर सविस्तर देणं मला भाग आहे.

आधी टाकीबद्दल. आमच्या बोटीवर सुट्या टाकीचं पोर्टेबल टॉयलेट आहे. वरच्या भागात फ्लशसाठी १५ लिटर गोडं पाणी, खाली मैल्याची २१ लिटरची टाकी, मध्ये सरकतं झाकण. पाणी हाताने पंप दाबून सोडायचं, दोन-तीन दाब पुरतात. बुकिंग चौघांचं होतं, आलात सातजण. बोटीच्या परवान्यात सातजण बसतात म्हणून घेतलं, जादा पैसे मागितले नाहीत. मुलांना तो पंप दाबायला मजा वाटली. मुलंच ती, मी त्यांना दोष देत नाही. पण दुपारी अडीचच्या सुमारास वरची टाकी कोरडी पडली होती. म्हणजे ते १५ लिटर पाणी खालच्या टाकीत गेलेलं. उरलेल्या ६ लिटरमध्ये सात माणसांचा दिवस कसा बसणार? चौघांचा दिवस त्या टाकीत आरामात जातो, शिवाय जागा शिल्लक राहते. तुम्ही 'बादलीएवढं टॉयलेट' लिहिलंत म्हणून हा हिशेब मांडावा लागला.

वास आला, हे खरं आहे. झाकण अर्धवट उघडं राहिलं आणि केबिनमध्ये ऊन कोंडलेलं असलं की वास येतो. टाकीत आम्ही औषध घालतो, पण फॉर्मल्डिहाइड असलेलं घालत नाही. त्याने वास झटकन दबतो, पण मैला कुजवणारे जिवाणूही मरतात, आणि पुढे ज्या प्रक्रिया केंद्रात हा मैला जातो तिथे त्याच जिवाणूंचं काम असतं.

आता समुद्रात ओतण्याबद्दल.

तुम्ही सांगितलंत तेव्हा बोट अलिबागजवळचं थळ आणि खांदेरी बेट यांच्या मधे होती. ओहोटी लागलेली. तिथून थळचा किनारा दोन-अडीच किलोमीटर. ओहोटीला थळच्या खडकांवर बायका कोयता घेऊन कालवं काढायला बसतात, त्या दिवशीही बसल्या होत्या, तुम्ही त्यांचे फोटो काढलेत. कालवं पाणी गाळून पोट भरतात. पाण्यात जे असेल ते त्यांच्या अंगात साठतं. मैल्याच्या पाण्यातली कालवं खाऊन कावीळ होते, टायफॉइड होतो. आणि ओहोटी सगळं बाहेर घेऊन जाते असं वाटत असलं, तरी सहा तासांनी भरती त्यातलं बरंच पाणी परत आत आणते.

शिवाय त्याच दिवशी दुपारी किहीमसमोर नांगर टाकून तुमची मुलं लाइफ जॅकेट घालून पाण्यात उतरली होती. त्याआधी तिथून गेलेल्या एखाद्या बोटीने आपली टाकी तिथे ओतली असती, तर तुम्ही मुलांना उतरू दिलं असतंत का? आमच्या मागून येणाऱ्या बोटीवरही कुणाची तरी मुलं असतात.

नियमाचं विचाराल तर जहाजांसाठी मार्पोल नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्याचं चौथं परिशिष्ट मैल्याबद्दल आहे, २००३ पासून ते लागू झालं. प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरच्या आत सोडता येत नाही. त्यापलीकडेही जहाज किमान ४ नॉट, म्हणजे ताशी सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने चालत असेल तेव्हाच, आणि थोडा थोडा. दळून निर्जंतुक केलेला असेल तर ही हद्द ३ सागरी मैलांवर येते. हे परिशिष्ट परदेशी फेऱ्या करणाऱ्या मोठ्या जहाजांसाठी आणि पंधराहून जास्त माणसं नेणाऱ्यांसाठी आहे, आमच्या शिडाच्या बोटीला ते लागू होत नाही हे मला माहीत आहे. पण भर समुद्रात अवाढव्य जहाजाला जे अंतर राखावं लागतं, ते मी खडकांवर बसलेल्या बायकांच्या समोर का मोडावं? गेटवे, मांडवा, सासवणे, किहीम, थळ, खांदेरी, आमची सगळी वाट किनाऱ्याला धरून जाते. बारा मैल सोडाच, तीन मैलांच्या पलीकडेही आम्ही क्वचितच असतो.

म्हणूनच बोट विकत घेतली तेव्हा तिच्यातलं जुनं टॉयलेट, ज्याचा पाइप थेट बोटीच्या तळातून समुद्रात उघडत होता, ते मी काढून टाकलं आणि ते भोक कायमचं बुजवलं. मोठी बसवलेली टाकी घेतली असती तर ती उपसून घेणारं यंत्र धक्क्यावर लागतं. आमच्याकडे ते नाही. मग अशी टाकी असलेला माणूस शेवटी काळोख पडल्यावर व्हॉल्व्ह उघडतो. सुटी टाकी हातात उचलून नेता येते. दर संध्याकाळी तांडेल आणि खलाशी ती भरलेली टाकी डिंगीत, म्हणजे छोट्या होडीत उतरवतात, शेवाळलेल्या पायऱ्यांवरून दोघं मिळून वर नेतात आणि आमच्या ऑफिसच्या संडासात ओततात. वीसेक किलो वजन असतं. तो संडास महापालिकेच्या मलवाहिनीला जोडलेला आहे आणि कुलाब्याला प्रक्रिया केंद्र आहे. टाकी धुतलेलं पाणीसुद्धा तिथेच जातं.

मुंबईचं म्हणाल तर तुमचं म्हणणं मी खोडत नाही. वरळी आणि वांद्र्याच्या नळांतून तीन किलोमीटरहून आत समुद्रात सांडपाणी सोडलं जातं आणि कितीतरी नाले काहीही प्रक्रिया न होता खाडीला मिळतात. त्याची चीड माझ्याइतकी कुणाला असेल? माझं पोट याच पाण्यावर आहे. पण महापालिकेचे नळ माझ्या हातात नाहीत. माझ्या बोटीवरची टाकी आहे.

तुम्ही लिहिलंय 'सव्वा तास अडवून धरलं'. थळला आम्हाला लागता आलं नाही, कारण ओहोटीला तिथे पाणी उथळ होतं आणि शिडाच्या बोटीचा तळ खोल असतो, ती रुतली असती. स्वच्छतागृह असलेली जवळची जागा म्हणजे मांडव्याची जेट्टी. वारा वायव्येचा, म्हणजे जवळजवळ नाकासमोरून, आणि ओहोटीची ओढही विरुद्ध. शिडावर गेलो असतो तर संध्याकाळ झाली असती, म्हणून तांडेलाने शीड उतरवून पूर्ण वेळ इंजिन चालवलं. त्या डिझेलचे पैसे बिलात लावलेले नाहीत, बिल तुमच्याकडे आहे, बघा.

आणि तांडेल. रिव्ह्यूमध्ये तुम्ही त्याला 'उद्धट' म्हटलंय, ते मला सगळ्यात जास्त लागलं. तो थळचाच कोळी आहे. त्या खडकांवर त्याच्या वाड्यातल्या बायका होत्या. समोर खांदेरी होती, तिथला वेताळ त्यांचं दैवत आहे, बोट तिथून नेताना तो आजही हात जोडतो. तोच खांदेरीचा किल्ला २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला आणि तोच बघायला तुम्ही आला होतात. त्या जागी मैल्याची टाकी ओत म्हणून दोनदा सांगितल्यावर त्याने 'नाय होणार साहेब' एवढंच म्हटलं. आवाज चढला असेल तर त्याच्या वतीने मी दिलगीर आहे. पण नकार त्याचा एकट्याचा नव्हता, तो माझाही आहे, आणि पुढच्या गिऱ्हाइकालाही हेच उत्तर मिळेल.

जादा माणसं आली तर सोबत ठेवायला दुसरी रिकामी टाकी घ्यायचं बघतोय, पंपाजवळ ठळक मराठीत सूचनाही लावू. पैसे परत मागितलेत, ते मी देणार नाही, कारण बोट पूर्ण वेळ तुमच्यासाठीच चालली. पण तुमच्या आईंना पुन्हा यावंसं वाटलं तर मोसम संपायच्या आत फोन करा, त्यांचं भाडं घेणार नाही.

तारा एकच राहू द्या. पण तांडेलाबद्दलचं ते वाक्य काढता आलं तर काढा, त्याच्या मुलीने ते वाचलंय.