दाबलेला व्हिडिओ ‘खरा रेडिओ’ नाही? एका फिरत्या समजाला उत्तर

हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्या, मंडळींच्या गप्पांत आणि व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर सतत फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: हौशी रेडिओवर चित्र पाठवायचं तर ॲनालॉगच बरं. डिजिटल व्हिडिओ बँड, म्हणजे वारंवारतेची जागा, अडवतो, सिग्नल क्षीण झाला की पडदा काळा होतो, आकड्यांत गुंडाळलेला असल्यामुळे तो गुप्त संदेशासारखा नियमाबाहेर जातो, आणि उपग्रहावरून पाहायचा तर लाखोंचं स्टेशन लागतं, जे भारतातून जमत नाही. नव्याने परवाना घेतलेली मुलं हे वाचून या वाटेला जातच नाहीत, म्हणून सविस्तर लिहितो.

उदाहरण घेतो क्यूओ-१०० चं, म्हणजे ईशैल-२ उपग्रहावरच्या हौशी यंत्रणेचं. ईशैल-२ हा कतारचा दूरसंचार उपग्रह १५ नोव्हेंबर २०१८ रोजी केनेडी अवकाश केंद्रातून फाल्कन ९ ने वर गेला. त्याच्यावर हौशींसाठी दोन ट्रान्सपॉन्डर, म्हणजे खालून आलेला सिग्नल दुसऱ्या वारंवारतेवर परत खाली पाठवणारी यंत्रं, आहेत. एक अरुंद, बोलण्यासाठी आणि मोर्ससाठी. दुसरा ८ मेगाहर्ट्झ रुंद, खास डिजिटल टीव्हीसाठी. भूस्थिर कक्षेतला हौशींचा हा पहिलाच ट्रान्सपॉन्डर. जर्मनीची हौशी उपग्रह संघटना ॲमसॅट-डीएल आणि कतारमधले हॅम यांच्या प्रयत्नांतून तो उभा राहिला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये सगळ्यांना खुला झाला.

आता बँड अडवण्याचा आरोप. साधं एसडी चित्र म्हणजे ७२० बाय ५७६ ठिपके, सेकंदाला २५ वेळा. प्रत्येक ठिपक्याला १२ बिट धरले तरी सेकंदाला सुमारे १२४ मेगाबिट होतात. क्यूओ-१०० वर रुळलेला एक वेग आहे ३३३ किलोसिम्बॉल, म्हणजे सेकंदाला ३,३३,००० सिम्बॉल (सिग्नलचे बदल). डीव्हीबी-एस२ या उपग्रह-टीव्ही मानकाच्या क्यूपीएसके २/३ मध्ये (प्रत्येक सिम्बॉलमध्ये दोन बिट, त्यांतले दोन-तृतीयांश चित्राचे, बाकीचे चूक-दुरुस्तीचे) त्यातून मिळतात सुमारे ४४० किलोबिट. म्हणजे चित्र जवळपास २८० पट आवळावं लागतं. एच.२६४ आणि एच.२६५ या व्हिडिओ दाबण्याच्या (कंप्रेशनच्या) पद्धती हे काम करतात, आणि हवेत तो सिग्नल अर्ध्या मेगाहर्ट्झपेक्षाही कमी जागा घेतो. एफएम ॲनालॉग टीव्हीला साधारण १६ ते २० मेगाहर्ट्झ लागतात. ८ मेगाहर्ट्झच्या ट्रान्सपॉन्डरमध्ये असं एकही स्टेशन मावणार नाही. आज तिथे कायमचा बीकन (सतत चालू असलेला खुणेचा सिग्नल) आणि शेजारी अनेक स्टेशनं एकाच वेळी सुखाने चालतात, ती केवळ दाबल्यामुळे.

क्षीण सिग्नलचा मुद्दा जास्त गंभीर आहे, कारण त्यात थोडं तथ्य आहे. डिजिटल चित्र एका मर्यादेपर्यंत स्वच्छ राहतं आणि तिच्याखाली एकदम जातं, हे खरं. प्रश्न आहे ती मर्यादा कुठे आहे याचा. डीव्हीबी-एस२ ची चूक-दुरुस्ती इतकी समर्थ आहे की क्यूपीएसके १/२ ला सिग्नल नॉइजपेक्षा (पार्श्वभूमीच्या खरखरीपेक्षा) जेमतेम १ डेसिबल वर असला तरी पुरतो. क्यूपीएसके १/४ तर सिग्नल नॉइजच्या खाली असतानाही उलगडतो. शिवाय १६ मेगाहर्ट्झच्या रिसीव्हरमध्ये जेवढा नॉइज शिरतो, त्याच्या सुमारे अठ्ठेचाळिसावा हिस्साच ३३३ किलोसिम्बॉलच्या रिसीव्हरमध्ये शिरतो. हा एकटाच फायदा जवळपास १७ डेसिबलचा आहे. आणि ॲनालॉग एफएमलाही उंबरठा असतोच. सिग्नल आणि नॉइज यांतलं अंतर १० डेसिबलच्या आसपास आलं की चित्रावर ठिपक्यांचा पाऊस सुरू होतो. हळूहळू धूसर होत जाणं हा गुण मुख्यतः एएम टीव्हीचा. जवळच्या अंतरावर एएम वापरणाऱ्यांचं मी मनापासून कौतुक करतो, पण त्यावरून उपग्रहाचा निवाडा होत नाही. वेग आणखी उतरवला तर गरज आणखी घटते: १.५ मेगासिम्बॉलवरून १२५ किलोसिम्बॉलवर आलं की सुमारे ११ डेसिबल कमी शक्ती पुरते. चित्र बारीक होतं, हालचाल अडखळते, पण समोरच्याचा चेहरा ओळखू येतो. याची खरी किंमत आहे विलंब. भूस्थिर उपग्रहाच्या एका फेरीला पाव सेकंद लागतो, आणि एन्कोडर-डीकोडर त्यात आणखी भर घालतात. संभाषण संथ चालतं. तक्रार करायचीच असेल तर ती या विलंबाची करावी.

गुप्ततेचा आरोप मात्र मला अजिबात मान्य नाही. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांत वेगवेगळ्या देशांतल्या हौशी स्टेशनांना मनाई आहे ती अर्थ लपवण्याच्या हेतूने केलेल्या सांकेतिक प्रक्षेपणाला. दाबणं म्हणजे लपवणं नव्हे. डीव्हीबी-एस२, एच.२६४, एच.२६५ ही सगळी प्रसिद्ध मानकं आहेत. किल्ली लागत नाही, कोणीही उलगडावं. उलट स्टेशनचं कॉलसाइन (परवान्यातलं ओळखचिन्ह) चॅनलच्या नावाच्या जागी भरलेलं असतं, त्यामुळे चित्र लागताच कोण बोलतंय ते पडद्यावर दिसतं.

राहिलं भारतातून जमण्याचं. उपग्रह पूर्व रेखांश २६ अंशांजवळ आहे. मुंबईतून तो क्षितिजापासून सुमारे ३३ अंश वर दिसतो, दिशा २५३ अंश, म्हणजे पश्चिमेकडून किंचित दक्षिणेला. नागपुरातून उंची २६ अंशांवर येते. फ्री डिशची छत्री आग्नेयेकडे बघते, ही मात्र पश्चिमेकडे. तेव्हा पश्चिमेला मोकळं आकाश असलेली गच्ची हवी. नियोजनातच ब्राझील आणि थायलंडसारख्या कडेच्या, पावसाळी भागांसाठी ९० सेंटिमीटरच्या आसपासची डिश धरली होती. आपण त्या कडेच्या बरेच आत आहोत. जोरदार सरीत सिग्नल पडतो, तसा तो डीटीएचचाही पडतो.

अडचण खरी आहे ती रिसीव्हरची. बीकन १०४९१.५ मेगाहर्ट्झवर, आडव्या पोलरायझेशनमध्ये (लहरीच्या कंपनाची दिशा आडवी) असतो. ९७५० च्या एलएनबीतून (डिशच्या तोंडाशी बसणारा, वारंवारतेतून ९७५० वजा करणारा डबा) तो ७४१.५ वर उतरतो, आणि घरचा सेट टॉप बॉक्स साधारणपणे ९५० च्या खाली जात नाही. त्यासाठी हौशींनी बनवलेला मिनिट्यूनर हा रिसीव्हर वापरतात. तो खाली उतरतो आणि अगदी कमी सिम्बॉल-वेगही पकडतो. एलएनबी पीएलएलवाला, म्हणजे वारंवारता पक्की धरणारा, घ्या. साधा एलएनबी उन्हाने सरकतो. बीकनला त्याने फरक पडत नाही, पण ३३ किलोसिम्बॉलचा सिग्नल हातचा निसटतो. बीकनसाठी १.५ मेगासिम्बॉल, एस२, एफईसी (चूक-दुरुस्तीचं प्रमाण) ४/५ भरा.

पाहणं आणि पाठवणं यांत मोठा फरक आहे, तो लपवणार नाही. पाठवण्यासाठी २.४ गिगाहर्ट्झवर उजव्या वर्तुळाकार पोलरायझेशनचा फीड (डिशच्या तोंडाशी बसणारा अँटेना), मोठी डिश आणि बऱ्याच वॉटांचा ॲम्प्लिफायर लागतो. प्लूटो एसडीआर (संगणकावरून चालवायचा रेडिओ) किंवा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरचा पोर्ट्सडाउन हा ट्रान्समीटर ही त्याची सुरुवात, आणि त्याआधी आपल्या परवान्यात ती वारंवारता आहे का ते तपासायचं. सिग्नल बीकनपेक्षा खालीच ठेवायचा असतो. आपली पातळी नेमकी किती आहे हे ब्रिटिश ॲमॅच्युअर टेलिव्हिजन क्लबच्या, कॉर्नवॉलमधल्या गूनहिली इथे बसवलेल्या रिसीव्हरवरून कोणालाही ब्राउझरमध्ये त्याच क्षणी बघता येतं.